माफीच्या साक्षीदाराची कादंबरी

१८३९ साली लंडनच्या रिचर्ड बेंटली या प्रकाशकाने तीन खंडांत एक कादंबरी छापली: ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’. लेखक फिलिप मेडोज टेलर, निजामाच्या नोकरीतला तिशीतला अधिकारी. कादंबरीभर बोलतो मात्र एकच माणूस, अमीर अली. तो ठग आहे, सापडला आहे, आणि जुन्या साथीदारांना पकडून देण्याच्या बोलीवर त्याचा जीव वाचला आहे. समोर एक साहेब बसलेला आहे. अमीर अली सांगतो आणि साहेब लिहून घेतो. आपण ७१९ खुनांत सामील होतो असं हा माणूस म्हणतो. मध्ये १२ वर्षं तुरुंगात गेली नसती तर हजाराचा आकडा गाठला असता, अशी खंतही त्याला आहे.

इतिहासातला काळ, रहस्याची ओढ आणि ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवता येत नाही असा निवेदक, असं मिश्रण असलेल्या कादंबऱ्यांचं आज जगभर पीक आहे. ही तऱ्हा आधुनिक लेखकांच्या कारागिरीतून आली असं बहुतेक जण धरून चालतात. अशा निवेदकाला समीक्षेत स्वतंत्र नाव मिळालं तेही उशिरा, १९६१ साली, वेन बूथ या अमेरिकी समीक्षकाच्या ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’ या ग्रंथात. पण या तऱ्हेचं मूळ शोधत मागे गेलं की वाट कोर्टाच्या, तुरुंगाच्या आणि जबानी लिहून घेणाऱ्या कारकुनाच्या दिशेने जाते. खोटं बोलणारा निवेदक कादंबरीत आला तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून. आणि त्यातला एक फार मोठा टप्पा आपल्या दख्खनमध्ये घडला, हे मराठी वाचकाला माहीत असायला हवं.

अमीर अलीच्या आधीही अशी माणसं होती. अठराव्या शतकात लंडनच्या न्यूगेट तुरुंगातल्या पाद्र्याला फाशीच्या कैद्यांची चरित्रं आणि अखेरचे कबुलीजबाब छापून विकता येत. त्यातून त्याची चांगली कमाई होई. कैद्याने पश्चात्ताप दाखवला तर पाद्र्याची पुस्तिका खपणार, आणि पाद्री खूश असला तर कैद्याचे शेवटचे दिवस जरा बरे जाणार. सांगणारा आणि ऐकणारा दोघेही गरजवंत. डॅनिअल डिफोच्या १७२२ सालच्या ‘मॉल फ्लँडर्स’ची नायिका जन्मली ती याच न्यूगेटमध्ये, आणि आपली चोरीचपाटीची हकिकत ती पश्चात्तापाच्या सुरात सांगते. तो पश्चात्ताप किती खरा, हे वाचक आजही ठरवतोच आहे.

मग १८२४ साली स्कॉटलंडच्या जेम्स हॉगने एक विलक्षण पुस्तक लिहिलं आणि ते निनावी छापलं. ‘द प्रायव्हेट मेमॉयर्स अँड कन्फेशन्स ऑफ अ जस्टिफाइड सिनर’ हे त्याचं नाव. काळ सतराव्या शतकाच्या अखेरचा आणि अठराव्याच्या सुरुवातीचा, म्हणजे हॉगच्या वाचकांना शंभरेक वर्षं मागचा. रॉबर्ट रिंगिम हा तरुण कट्टर कॅल्विनपंथी. देवाने आपल्याला आधीच निवडलं आहे, तेव्हा आपल्या हातून काहीही घडलं तरी ते पाप नव्हे, असं त्याने मनाशी पक्कं केलेलं. एक गूढ मित्र त्याला भेटतो आणि खून पडू लागतात. तो मित्र सैतान आहे की रॉबर्टच्याच मनाचा खेळ, हे हॉग शेवटपर्यंत उघड करत नाही. आधी एक ‘संपादक’ सगळी हकिकत आपल्या परीने मांडतो, मग रॉबर्टचं आत्मकथन येतं, आणि दोन्हींचा मेळ बसत नाही. आजच्या अनेक गाजलेल्या कादंबऱ्यांचा सांगाडा इथे तयार मिळतो. हॉगच्या हयातीत मात्र या पुस्तकाची कदर झाली नाही, विसाव्या शतकात ते नव्याने वर आलं.

पण हॉगचा पापी स्वतःसाठी लिहितो, त्याच्यासमोर कोणी बसलेलं नाही. समोर बसलेला माणूस, आणि त्याच्या हातात सांगणाऱ्याचा जीव, ही जोड टेलरने घातली. ती त्याला कल्पनेतून सुचण्याची गरजच नव्हती, तो तिच्या अगदी जवळ वावरत होता.

टेलरचा जन्म १८०८ सालचा, लिव्हरपूलचा. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी तो मुंबईत उतरला. ज्या व्यापाऱ्याकडे नोकरीला आला त्याचं दुकान डबघाईला आलेलं होतं, म्हणून तो निजामाच्या चाकरीत गेला. फारसी शिकला, हिंदुस्तानी शिकला, पोलिसी काम केलं. ठगांचा माग आपल्याला आधी लागला होता, पण बदली झाली आणि ते श्रेय हातचं गेलं, अशी हळहळ त्याच्या आत्मचरित्रात आहे. ते श्रेय गेलं विल्यम स्लीमनकडे. नरसिंहपूर आणि जबलपूर भागात काम करणाऱ्या या अधिकाऱ्याने ठगांविरुद्ध जी यंत्रणा उभी केली तिचा कणा म्हणजे माफीचे साक्षीदार.

ती यंत्रणा नीट समजून घ्यावी लागते, कारण कादंबरी तिच्याच पोटातून निघाली. ठग प्रवाशांना वाटेत गाठत, गोड बोलून आपल्या तांड्यात घेत, आणि ठरल्या जागी ठरल्या इशाऱ्याला रुमालाचा फास टाकून मारत. प्रेत पुरलं जाई. साक्षीदार उरत नसे, फिर्यादी उरत नसे, मेलेला माणूस कुठल्या मुलखात नाहीसा झाला हे घरच्यांनाही कळत नसे. असा गुन्हा शाबीत करायचा तर तो करणाऱ्यानेच बोलायला हवं. स्लीमनने पकडलेल्या ठगांना जीवदान देऊन बोलतं केलं. फिरंगिया नावाचा जमादार १८३० च्या अखेरीस सापडला तेव्हा त्याचं कुटुंब आधीच ताब्यात होतं. त्याने एका आमराईत पुरलेली प्रेतं दाखवली. स्लीमनचा स्वतःचा तंबू त्याच जागेवर ठोकलेला होता. अशा शोधांमुळे जबान्यांना वजन आलं. साक्षीदारांना एकमेकांपासून वेगळं ठेवून त्यांच्या हकिकती ताडून बघण्याची पद्धतही स्लीमनने घातली. १८३६ मध्ये त्याने ‘रामासीआना’ हे पुस्तक काढलं. त्यात ठगांच्या गुप्त बोलीचा कोश आहे आणि साक्षीदारांशी झालेले प्रश्नोत्तररूपी संवाद आहेत. त्याच साली कंपनी सरकारने तिसावा कायदा केला: ठगांच्या टोळीत कधीकाळी, अगदी कायदा होण्यापूर्वी, सामील होता एवढं शाबीत झालं तरी जन्मठेप. कुठल्या एका खुनाचा पुरावा देण्याची गरज उरली नाही. हा इसम आमच्यात होता, असं माफीच्या साक्षीदाराने सांगितलं की माणूस गजाआड जाऊ शकत होता.

आता त्या साक्षीदाराच्या जागी उभं राहून पाहा. गप्प बसलो तर फास. बोललो पण थोडंच बोललो, तर साहेब म्हणणार की हा हातचं राखतो. भरपूर बोललो, नावं दिली, आकडे मोठे सांगितले, देवीचे शकुन-अपशकुन रंगवून सांगितले, तर साहेबाच्या लेखी आपली किंमत वाढते. लखनौत जेम्स पेटन या अधिकाऱ्याने अशा जबान्या नोंदवल्या. त्यातल्या बेहरामचा ९३१ खुनांचा आकडा जगभर विक्रम म्हणून छापला जातो. पण पेटनच्याच नोंदीत बेहराम म्हणतो की एवढ्या प्रकरणांत आपण हजर होतो, स्वतःच्या हातांनी मारले असतील ते सव्वाशेच्या आसपास. दोन आकड्यांमध्ये आठशे माणसांचं अंतर आहे. राधिका सिंघा, किम वाग्नर या इतिहासकारांनी अलीकडे या साऱ्या दप्तराकडे नव्या नजरेने पाहिलं आहे. वाटमारीच्या टोळ्या होत्या, माणसं मारली जात होती, हे ते नाकारत नाहीत. पण देशभर पसरलेला, वंशपरंपरेने चालणारा, एका देवीला वाहिलेला खुनी पंथ हे चित्र विचारणाऱ्याच्या अपेक्षेने आणि सांगणाऱ्याच्या गरजेने मिळून रंगवलं गेलं, याकडे ते लक्ष वेधतात. मला हे पटतं. जबानीच्या प्रत्येक ओळीत जगण्याची धडपड आहे आणि ती विसरून त्या ओळी वाचणं चूक आहे.

टेलरने हैदराबादेत अशाच जबान्या ऐकल्या आणि अमीर अली उभा केला. लेखक म्हणून त्याची थोरवी ही की त्याने जबानीची ठेवण मोडली नाही. ठगांमध्ये वाटसरूंशी गोड बोलून त्यांना तांड्यात ओढणाऱ्याचं काम वेगळं असे, त्याला ‘सोथा’ म्हणत. अमीर अली या कामातही वाकबगार. देखणा, नीटनेटका, दरबारी बोलण्याचा. नवाब असो की सावकार, अर्ध्या दिवसात त्याचा जीव अमीर अलीवर जडतो. वाचताना थोड्या वेळाने लक्षात येतं की हीच कला तो साहेबावरही वापरतो आहे. आणि आपल्यावरही. बापासारखा वाढवणारा इस्माईल, मित्रांचं प्रेम, बायकोचा विरह, पेंढाऱ्यांच्या चितूबरोबरची स्वारी, हे सगळं इतक्या रसाळपणे येतं की मध्ये पडलेले मुडदे वाचक ओलांडून पुढे जातो. आपण त्याच्या तांड्यात कधी सामील झालो ते कळत नाही.

अमीर अली खून लपवत नाही. तो लपवतो ते दुखणं. इस्माईलच्या टोळीने लहानपणी त्याच्या आईबापांना मारलं आणि इस्माईलने पोराला आपलं म्हणून वाढवलं, हे कादंबरीच्या सुरुवातीच्या प्रसंगांतूनच वाचकाला उमगतं. अमीर अलीला ते कित्येक वर्षं उमगत नाही, निदान तो तसं म्हणतो. घरी मागे राहिलेली त्याची बहीण पुढे त्याच्याच हातून मरते आणि गळ्यातल्या खुणेवरून ती ओळख पटते. ७१९ माणसांचा हिशेब थंडपणे सांगणारा माणूस या एका मरणापाशी कोसळतो. हा पश्चात्ताप खरा असेल तर बाकीच्यांसाठी तो का नाही? आणि साहेबाला पाझर फुटावा म्हणून असेल, तर पुढे काय उरलं? टेलर उत्तर देत नाही. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज अधिकारी असूनही त्याने हा प्रश्न उघडा ठेवला, म्हणून कादंबरी पावणेदोनशेहून अधिक वर्षांनंतरही वाचावीशी वाटते. ठगांविषयीची माहिती हवी तर तिच्यावर विसंबू नये. माणूस स्वतःविषयी कसा बोलतो हे पाहायचं असेल तर ती अजून ताजी आहे.

इथून वंश पसरतो. विल्की कॉलिन्स बॅरिस्टर झालेला, वकिली न केलेला लेखक. साक्षीची रीत त्याने कादंबरीत उचलली. १८६८ च्या ‘द मूनस्टोन’ची सुरुवात ४ मे १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीने होते. पुढे इंग्लंडमध्ये हिरा चोरीला जातो तेव्हा प्रत्येकाने फक्त स्वतःला ठाऊक असलेलं लिहायचं, असा दंडक घालून कथा सांगितली जाते. आणि ज्याने या साऱ्या साक्षी गोळा केल्या त्या फ्रँकलिन ब्लेकनेच अफूच्या अमलाखाली हिरा उचललेला असतो, त्याला त्याची आठवणही नसते. निवेदक खोटारडा नाही, पण त्याला स्वतःचंच कृत्य ठाऊक नाही. कॉलिन्सने टेलरवरून हे घेतलं असं मी म्हणणार नाही, दोघांच्या मुळाशी साक्षीची तीच माती आहे. त्याच सुमारास रॉबर्ट ब्राउनिंगने फ्लॉरेन्सच्या बाजारात मिळालेल्या एका जुन्या खटल्याच्या कागदांवरून, १६९८ च्या रोममधल्या खुनावर, ‘द रिंग अँड द बुक’ हे प्रचंड काव्य रचलं. त्यात खुनी बोलतो, मरणाच्या दारातली बायको बोलते, वकील बोलतात, पोपही बोलतो. १९२२ मध्ये जपानच्या अकुतागावाने ‘इन अ ग्रोव्ह’ या छोट्या कथेत तेच केलं आणि १९५० मध्ये कुरोसावाच्या ‘राशोमोन’ या चित्रपटाने ते घराघरात नेलं. १९२६ च्या अगाथा ख्रिस्तीच्या ‘रॉजर ॲक्रॉइड’वर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. तिथे ही युक्ती कोड्यासाठी आहे, म्हणून इथे तिच्यापाशी थांबत नाही.

उंबर्तो एकोच्या २००० सालच्या ‘बाउदोलिनो’त १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जळत असताना एक नामांकित थापाड्या आपली कहाणी निकेतास या इतिहासकाराला ऐकवतो. बार्बारोसा सम्राटाच्या मरणाचं रहस्य त्याच कहाणीत दडलेलं आहे. निकेतास खरोखरचा इतिहासकार, बाउदोलिनो एकोने घडवलेला. पुन्हा तीच बैठक: बोलणारा एक, लिहिणारा एक.

या वंशातली माझ्या मते सर्वांत कसदार कादंबरी मार्गारेट ॲटवूडची ‘एलियस ग्रेस’, १९९६ सालची. १८४३ मध्ये आजच्या कॅनडातल्या रिचमंड हिल इथे थॉमस किनिअर हा जमीनदार आणि त्याची घर सांभाळणारी नॅन्सी माँटगोमेरी यांचे खून झाले. दोन नोकरांवर आरोप आला. जेम्स मॅकडरमॉट फासावर गेला. ग्रेस मार्क्स ही जेमतेम सोळा वर्षांची मोलकरीण, तिची फाशी जन्मठेपेवर आली आणि १८७२ मध्ये तिला माफी मिळाली. तिने घटनेच्या तीन वेगवेगळ्या हकिकती सांगितल्याची नोंद आहे. ॲटवूडने तिच्यासमोर डॉक्टर सायमन जॉर्डन हा काल्पनिक माणूस बसवला. तिच्यासाठी माफीचा अर्ज करणाऱ्यांना त्याचा अनुकूल अहवाल हवा आहे. ग्रेस गोधडी शिवत शिवत बोलते. डॉक्टरला काय ऐकायला आवडतं ते ती झटकन ओळखते, आणि त्याचा उत्साह मावळू नये म्हणून काही गोष्टी मुद्दाम तपशीलवार सांगते. ती खुनी होती की नव्हती हे पुस्तक मिटल्यावरही ठरत नाही. पण मोलकरणीचं आयुष्य, गरिबीमुळे आयर्लंड सोडलेलं कुटुंब, जहाजावर मेलेली आई, यांतला एकही शब्द खोटा वाटत नाही. ॲटवूडने अमीर अलीची बैठक घेतली आणि तिथे एक गरीब बाई बसवली, त्यामुळे खोटं बोलण्याचा हक्क कोणाला आणि का असतो हा प्रश्न नव्याने उभा राहिला.

मग २०१० मध्ये ताबिश खैर यांनी वर्तुळ पुरं केलं. ‘द थिंग अबाऊट थग्ज’ या त्यांच्या कादंबरीत बिहारमधला एक तरुण १८३०च्या दशकातल्या लंडनमध्ये राहतो. नाव अमीर अली, आणि त्याला तिथे नेणाऱ्या कप्तानाचं नाव मेडोज. कवटीच्या आकारावरून स्वभाव सांगणाऱ्या शास्त्राचं तेव्हा वेड होतं. १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला ठगांच्या सात कवट्या खरोखरच एडिंबरोच्या अशा मंडळींकडे पाठवल्या गेल्या होत्या. खैर यांचा अमीर अली कप्तानाला रंगवून रंगवून ठगाची कबुली देतो. ज्या मुलीवर त्याचं प्रेम आहे तिच्यासाठी तो वेगळी पत्रं लिहितो, आणि त्यांत म्हणतो की आपण कधीच ठग नव्हतो. घरच्या वैरातून जीव वाचवायला साहेबाला हवी ती गोष्ट विकली, आणि त्या गोष्टीच्या भाड्यावर लंडन गाठलं. पुढे शहरात मुंडकी छाटलेली प्रेतं सापडू लागतात तेव्हा तीच गोष्ट त्याच्या गळ्याशी येते. हा माणूस खरंच ठग होता का, हा टेलरच्या साहेबाने न विचारलेला प्रश्न इथे कादंबरीचाच विषय झाला.

आणि मराठीत? जबानी आपल्याकडे परकी कधीच नव्हती. वतनाच्या तंट्यात वादी-प्रतिवादी आपापला करीना, म्हणजे आपल्या बाजूची हकिकत, लिहून देत. पिढ्यान् पिढ्यांचा इतिहास, दुष्काळ, परागंदा होणं, भाऊबंदांनी केलेले घात, सगळं त्यात येई, आणि सगळं आपल्या बाजूने. बखरीही कोणाच्या तरी आज्ञेवरून, कोणाच्या तरी पदरी राहून लिहिल्या गेल्या. म्हणजे स्वार्थ असलेला, समोर ऐकणारा असलेला निवेदक आपल्या गद्याच्या पायाशीच आहे. खुद्द टेलर १८५३ नंतर काही वर्षं नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहत होता आणि शिवकाळावरची त्याची ‘तारा’ ही १८६३ सालची कादंबरी तुळजापुरात सुरू होते. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने १८७१ पासून मराठी ऐतिहासिक कादंबरी रुजवली. तिथून पुढे मात्र मुख्य प्रवाह वीरांच्या गौरवाकडे वळला. ‘मृत्युंजय’मध्ये कर्णापासून कुंतीपर्यंत अनेक जण स्वतःच्या तोंडून बोलतात, पण आपण त्यांच्यावर विश्वास ठेवावा हीच लेखकाची इच्छा आहे. ऐतिहासिक व्यक्तीने आपल्याशी खोटं बोलावं हे आपल्या या प्रवाहाला मानवलेलं नाही, आणि हे मला आपल्या कादंबरीचं मोठं नुकसान वाटतं.

विषय तर हाताशी आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक माणूस प्रकटला. त्याला तोतया ठरवून रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवलं होतं. १७७६ मध्ये तिथल्या सुभेदाराने, रामचंद्र नाईक परांजप्याने, त्याला सोडलं, कोकणात हजारो लोक त्याच्या निशाणाखाली गोळा झाले, अखेर राघोजी आंग्र्याने त्याला पकडलं आणि पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी त्याच्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं, पण ते बाहेरून पाहिलेलं आहे. इतकी वर्षं मी भाऊ आहे असं सांगत राहिलेला, कदाचित कधीकधी स्वतःलाही ते पटलेला तो माणूस, चौकशी करणाऱ्या कारकुनासमोर बसून स्वतः बोलतो आहे अशी कादंबरी मराठीत कोणीतरी लिहायला हवी. ज्याला पेशवाईचे कागद वाचता येतात आणि संशय घ्यायची भीती वाटत नाही, अशा लेखकाने हे काम अंगावर घ्यावं.